रबर बदलून बदलून थकलात, तरी व्हिडिओ जेलीसारखाच हलतोय?

माउंटन बाइकच्या स्टेमजवळ, म्हणजे हँडलबार मधोमध जिथे धरलेला असतो तिथे, क्लॅम्प, क्लॅम्पला नळी, नळीच्या टोकाला कॅमेरा. सपाट रस्त्यावर फेरी मारली की व्हिडिओ झकास येतो. मग ट्रेलवर दगडगोट्यांचा पहिला उतार लागतो, आणि घरी येऊन बघावं तर हँडलबार केळ्यासारखा वाकतोय, झाडांची खोडं पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी लहरतायत. आपण क्लॅम्पखाली रबर घालतो. पुढच्या फेरीत जरा बरं वाटतं, त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा तेच. मग आणखी जाड रबर, मग स्पंज, मग सिलिकॉन. मी हे वर्षभर केलं. रबराच्या चकत्यांचा एक डबा अजून माझ्या खणात पडून आहे.

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. बहुतेक घरगुती रिगमध्ये, म्हणजे क्लॅम्प, नळी आणि कॅमेरा यांच्या जोडणीत, मऊपणा कमी पडत नाही, तो जास्तच झालेला असतो. त्यात आपण आणखी मऊपणा ओततो.

आधी थरथर कोणती ते ओळखा

हलणारा प्रत्येक व्हिडिओ 'शेकी' म्हणून आपण मोकळे होतो, पण हलण्याच्या जाती वेगळ्या आणि त्यांची कारणंही वेगळी. क्लिप अर्ध्या वेगाने लावा आणि चित्रात एखादी सरळ वस्तू शोधा: खोड, खांब, सायकलचीच एखादी नळी. ती वस्तू वाकडीतिकडी, लहरी दिसत असेल तर ती जेली, म्हणजे वेगवान थरथर. वस्तू सरळच राहते पण अख्खं चित्र वरखाली झुलतं, तर तो संथ हेलकावा. झाडीच्या सावलीत शिरलं की चित्र क्षणात स्पष्ट, क्षणात पुसट होतं आणि उन्हात आलं की आपोआप सुधारतं, तर दोष बराचसा सेटिंगचा. आणि उताराच्या सुरुवातीला क्षितिज जागेवर असतं, शेवटी कॅमेरा पुढच्या चाकाकडे बघत असतो, तर कुठला तरी सांधा घसरतोय. हा शेवटचा प्रकार सगळ्यात सोपा, पण त्याच्याकडे लक्ष द्या. जो सांधा घसरतो तोच बहुधा थरथरतोही.

जेली होते ती सेन्सरच्या कामाच्या पद्धतीमुळे. ॲक्शन कॅमेरे आणि फोन अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाहीत. सेन्सरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीमागून ओळ वाचली जाते. याला रोलिंग शटर म्हणतात. समजा ही वाचणी १६ मिलिसेकंदांत होते आणि कॅमेरा सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्झने, थरथरतोय. मग एक फ्रेम वाचून होईपर्यंत त्याचं जवळजवळ एक पूर्ण आंदोलन होऊन जातं. वरच्या ओळी टिपताना कॅमेरा डावीकडे, मधल्या टिपताना उजवीकडे, खालच्या टिपताना परत डावीकडे. खोड सापासारखं दिसणारच. सेकंदाला दोन-तीनदा होणाऱ्या हेलकाव्यात मात्र तेवढ्या वेळात कॅमेरा जेमतेम हलतो, म्हणून चित्र वाकत नाही, नुसतं सरकतं.

त्यामुळेच जेली नंतर एडिटिंगमध्ये घालवणं अवघड. रोलिंग शटर दुरुस्त करणारे पर्याय एका दिशेने कललेलं चित्र सरळ करतात. एकाच फ्रेमच्या आत दोनदा दिशा बदललेली थरथर त्यांना नीट उलगडता येत नाही. जे करायचं ते रिगवरच.

टिचकी मारून बघा

प्रत्येक रिगला तिची स्वतःची एक कंपनसंख्या असते. झोक्याला जसा त्याचा एक ठरावीक ताल असतो आणि त्याच तालात ढकललं की थोड्या जोराने तो उंच जातो, तसंच इथे. ट्रेलचे हादरे रिगच्या तालाशी जुळले की एवढासा धक्काही मोठा होऊन कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. हा ताल मोजायला काहीही विकत आणावं लागत नाही.

सायकल जमिनीवर नीट उभी करा. कॅमेरा बॅटरी, कार्ड, केससकट बसवा, कारण वजन बदललं की आकडा बदलतो. टोकाला कागदाचा एक बाण चिकटवा, मागे उभी पट्टी धरा. दुसऱ्या फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन चालू करून रिगच्या टोकाला बोटाने खाली टिचकी मारा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत दहा पूर्ण आंदोलनांना किती फ्रेम लागल्या ते मोजा. माझ्या पहिल्या रिगला, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या बारीक ॲल्युमिनियम नळीला, ८४ फ्रेम लागल्या. २४० गुणिले १० भागिले ८४, म्हणजे साधारण २८.५ हर्ट्झ. त्याहून वाईट म्हणजे दहा आंदोलनं झाली तरी नळी थांबायचं नाव घेत नव्हती.

आता हा आकडा जमिनीवर उतरवा. २० किलोमीटर प्रति तास म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. त्याला २८.५ ने भागलं तर साधारण १९ ते २० सेंटीमीटर येतात. उतारावर इतक्या अंतराने दगड किंवा मुळं आली की माझी रिग नाचणार. 'हळू चालवलं तर ठीक, जोरात चालवलं तरी ठीक, मधल्याच वेगाला वाट लागते' हे कोडं मला त्या दिवशी सुटलं. तोवर मी कॅमेऱ्याला दोष देत होतो.

टिचकी आडवीही मारा. उभ्या दिशेत भक्कम असलेल्या कितीतरी रिग बाजूला ढकलल्या की कोवळ्या फांदीसारख्या हलतात.

फोनच कॅमेरा म्हणून वापरत असाल तर त्याच्या हालचालीच्या सेन्सरवरूनही ताल कळतो. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे ॲप कंपनांचा आलेख काढून देतं. एक मेख मात्र लक्षात ठेवा: सेन्सर सेकंदाला जितक्या वेळा मोजतो, त्याच्या निम्म्यापेक्षा वरचं कंपन त्याला खरं दिसत नाही. १०० वेळा मोजणाऱ्या फोनला ७० हर्ट्झची थरथर ३० ची वाटेल. म्हणून माझा भरवसा अजून कागदी बाणावरच जास्त.

रबर का हरतं

रबरावर ठेवलेली वस्तू स्वतःच्या वजनाने जितकी खाली बसते, त्यावरून तिचा ताल काढता येतो. बसण्याचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. पाव मिलिमीटर बसली तर ताल सुमारे ३२ हर्ट्झ. एक मिलिमीटर बसली तर १६ च्या आसपास. आणि रबर हादरे अडवायला लागतं ते या तालाच्या १.४ पटीच्या वर गेल्यावर. त्याच्या खाली ते काही अडवत नाही, ताल जुळला तर उलट वाढवतं.

आता ॲक्शन कॅमेऱ्याचं वजन बघा, जेमतेम दीडशे ग्रॅम. घट्ट आवळलेल्या रबराच्या चकतीवर तो पाव मिलिमीटरही बसत नाही. म्हणजे आपण रबर घालून एक नवा, ३०-४० हर्ट्झचा झोका तयार केला, तोही नेमका दगडगोट्यांच्या तालात. खरंच हादरे अडवायचे, म्हणजे ताल ५ हर्ट्झपर्यंत खाली आणायचा, तर कॅमेरा तब्बल १० मिलिमीटर खाली बसायला हवा. एवढ्या मऊ आधारावरचा कॅमेरा पहिल्याच ड्रॉपला, म्हणजे उंचावरून खाली उडी पडली की, तळाला आपटतो आणि मधल्या वेळात पाळण्यासारखा झुलत राहतो. ड्रोनवर कॅमेऱ्याखाली रबरी गोळे असतात ते बघून आपल्याला मोह होतो. पण ड्रोनला त्रास मोटरच्या वेगवान थरथरीचा असतो, तो काही दगडावरून उडी मारत नाही.

रबराला एक काम जमतं, पकडीचं. जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा क्लॅम्पखाली घाला, पण क्लॅम्प इतका आवळा की तो तुकडा चेपून जाईल. बोटाने दाबल्यावर दबत असेल तर ते रबर पकड देत नाहीये, झोका बनलंय.

ताठ करा, आखूड करा

इथे सगळ्यात जास्त फळ मिळतं. एका टोकाला धरलेल्या नळीचा ताठरपणा लांबीच्या घनाने बदलतो. लांबी निम्मी केली की ताठरपणा आठपट, आणि ताल साधारण पावणेतीन पट. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तरी ताठरपणा साधारण आठपट होतो. लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं खरं, पण तिप्पट जडही असतं, त्यामुळे धातू बदलण्यापेक्षा आकार बदला. पट्टी वापरत असाल तर ती कशी बसवता यावर सगळा खेळ आहे: २० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड पट्टी आडवी ठेवण्याऐवजी उभी केली तर वरखाली वाकण्याला ती चव्वेचाळीस पट जास्त विरोध करते. बाजूला मात्र तितकीच कमकुवत होते, म्हणून मी पट्टीचा नाद सोडून चौकोनी नळी घेतली.

ताल वर नेल्याने थरथर नाहीशी होत नाही, हे कबूल. पण हादऱ्याचा जोर तोच असेल तर हलण्याचं अंतर तालाच्या वर्गाने घटतं. २८ वरून ८० वर गेलात की कॅमेरा आठपट कमी हलतो. जेली राहते, पण डोळ्याला दिसत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

मी नळी ४० वरून २० सेंटीमीटरवर आणली. हिशेबाप्रमाणे ८० च्या आसपास यायला हवं होतं. टिचकी मारली तर ४७. मग उरलेला ताठरपणा गेला कुठे?

सांध्यांत. एका बाजूची दोन आणि दुसऱ्या बाजूची तीन प्लॅस्टिकची बोटं एकमेकांत अडकवून मधून एम ५ (५ मिलिमीटर जाड) बोल्ट घालायचा जो प्लॅस्टिकचा माउंट असतो, तसे माझ्या रिगमध्ये तीन होते, एकाला एक जोडलेले. कोन हवा तसा वळवता यावा म्हणून. असा प्रत्येक सांधा म्हणजे एक छोटी स्प्रिंग, आणि स्प्रिंगला स्प्रिंग जोडली की सगळी साखळी तिच्यातल्या सगळ्यात मऊ कडीपेक्षाही मऊ होते. कुठला सांधा हलतोय ते शोधायला दुसऱ्या कुणाला तरी टोक हलवायला सांगा आणि तुम्ही सांध्यावर बोट अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवा. डोळ्याला न दिसणारी सरक बोटाला लगेच कळते. मी दोन सांधे काढले, कोन ठरवून नळीच वाकवून घेतली. टिचकी: ७२. त्या आठवड्यातल्या क्लिपमध्ये खोडं पहिल्यांदा खोडांसारखी दिसली.

नळी आखूड करणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ सीटपोस्टवरून मागे जाणारा, स्वार पाठीमागून दिसेल असा दांडा, तर तिरका टेकू द्या. नळीच्या मध्यापासून फ्रेमवर दुसऱ्या ठिकाणी बारीक नळी बांधली की त्रिकोण होतो आणि वाकण्याऐवजी ताण-दाब सुरू होतात. बारीक नळीसुद्धा ओढायला आणि दाबायला भक्कम असते. पाठीवरच्या बॅगेतून वर जाणाऱ्या लांब दांड्याबद्दल माझं मत वाईट आहे. तो कितीही बांधला तरी डुलतो, फांद्यांत अडकतो, आणि पडलात तर कणा आणि जमीन यांच्या मध्ये तो दांडा येतो.

क्लॅम्प नक्की कुठे बसलाय?

हँडलबार सगळीकडे सारखा जाड नसतो. स्टेमपाशी आताच्या माउंटन बाइकवर ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर, ग्रिपपाशी २२.२. मधला भाग निमुळता. क्लॅम्प त्या निमुळत्या भागावर बसवला की तो फक्त एका कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, ट्रेलवर लोलकासारखा डोलतो. मधोमध, जाड भागावर या. व्यास थोडा कमी पडत असेल तर शीतपेयाच्या कॅनच्या पत्र्याची पट्टी कापून गुंडाळा, रबराची नको. हँडलबार कार्बनचा असेल तर त्यावर क्लॅम्प चालतो का आणि किती आवळायचा, हे बनवणाऱ्याने सांगितलेलं वाचूनच पान्हा हातात घ्या.

सीटपोस्टवर बसवताना ड्रॉपरच्या, म्हणजे सीट खालीवर करता येणाऱ्या सीटपोस्टच्या, वरखाली सरकणाऱ्या गुळगुळीत भागाला हात लावू नका. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांनाही नाही. एक ओरखडा, आणि सील गळायला लागतं.

आटे

कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडचं जे भोक असतं ते बहुधा पाव इंची: व्यास ६.३५ मिलिमीटर, इंचाला २० आटे, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर अंतर. हाताशी असलेला एम ६ बोल्ट त्यात जातो, आणि तिथेच घात होतो. एम ६ चे आटे १ मिलिमीटरवर असतात. दोन-तीन फेऱ्या फिरतो, अडकल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो आट्यांच्या टोकांवर लटकलेला असतो. थरथर तर होतेच, शिवाय कॅमेऱ्याचे आटे कायमचे जातात. मी एक कॅमेरा असाच घालवला.

बोल्ट लांब असला तरी तोच घोळ. तो भोकाच्या तळाला टेकतो आणि तुम्हाला आवळल्याचा भास होतो, पण कॅमेरा आणि प्लेट यांच्यात फट तशीच. एक वॉशर घाला, फरक लगेच कळेल.

बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना चिकट द्रव लावायची पद्धत आहे. धातूत धातू असेल तर निळा, मध्यम ताकदीचा लावा. प्लॅस्टिकच्या माउंटजवळ मात्र तो नेऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकांना त्याने बारीक तडे जातात, आणि ते दिसतात माउंट तुटल्यावरच. तिथे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा नट. सगळं आवळून झालं की नट आणि प्लेटवरून पेंटच्या पेनाने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली की कुठला नट फिरला ते पान्हा न लावता कळतं.

थ्रीडी प्रिंट केलेल्या भागांविषयी थोडक्यात: पीएलए हे प्रिंटिंगचं प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि बंद गाडीत उन्हात तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक त्या मानाने बरं. थर असे टाका की वाकवणारा जोर दोन थरांना एकमेकांपासून उपटणार नाही.

फोन असेल तर आधी हे वाचा

बऱ्याच फोनमध्ये लेन्स किंवा सेन्सर तरंगता असतो, हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून. तो हलणारा भागच सततच्या हादऱ्यांनी बिघडू शकतो. ॲपलने २०२१ मध्ये आयफोन मोटरसायकलच्या हँडलबारवर लावण्याबाबत अशीच सूचना काढली होती. सायकलला इंजिन नसलं तरी दगडगोट्यांचे हादरे काही सौम्य नसतात. रोजच्या वापरातला फोन हँडलबारवर लावूच नये, असं माझं मत. लावायचाच तर छातीवरच्या पट्ट्यात. तिथे पाय आणि हात बरेचसे हादरे आधीच गिळतात.

सेटिंग, जिथे खरंच फरक पडतो तेवढंच

सावलीत पुसट होणारा व्हिडिओ: प्रकाश कमी झाला की कॅमेरा शटर संथ करतो. प्रत्येक फ्रेममध्ये हालचालीचा पुसटपणा साठतो. मग इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण फ्रेम जागेवर आणतं, पण आत साठलेला पुसटपणा काढू शकत नाही. शटर १/२४० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढू द्या. दाणेदार चित्र परवडलं. त्याच कारणासाठी स्थिरीकरण चालू असताना गडद एनडी फिल्टर (लेन्सवरची, प्रकाश कमी करणारी काच) लावू नका. जेली मात्र शटरने जाणार नाही. शटर जितकं वेगवान, तितकी ती रेखीव दिसेल.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. कॅमेरा फ्रेमवरून मागचं चाक किंवा सस्पेन्शन दाखवत असेल तर स्थिरीकरण बंदच करा. ते कॅमेऱ्याचं वळणं मोजून भोवतालचं जग स्थिर करू पाहतं. सायकल तर कॅमेऱ्याबरोबरच वळतेय, म्हणून जग थांबतं आणि सायकल चित्रात थरथरू लागते. बंद केलं की सायकल चित्राला खिळते आणि जमीन मागे पळते, जे बघायला हवं तेच दिसतं. आणि सरळ रेषेतली वरखाली उसळी त्याला तशीही नीट काढता येत नाही.

फोर्कच्या खालच्या भागावर किंवा मागच्या चाकाजवळच्या नळीवर लावलेला कॅमेरा सस्पेन्शनच्या खालच्या बाजूला येतो, जमिनीचा प्रत्येक धक्का थेट खातो. तिथे माझी ७२ हर्ट्झची रिगही हरली. आता तिथे नळीच नाही, क्लॅम्पला चिकटून कॅमेरा, बस्स. १२० फ्रेमवर दहा सेकंदांचे तुकडे घेतो, त्यातले दोन-तीनच कामाचे निघतात.

कुठलीही रिग लावल्यावर निघण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, ब्रेकची केबल ओढली जाते का बघा. मग फोर्क आणि मागच्या शॉकमधली (मागच्या सस्पेन्शनच्या दांड्यातली) हवा काढून सस्पेन्शन तळापर्यंत दाबा. उभ्या सायकलवर रिग आणि चाक यांच्यात चार बोटांची दिसणारी फट मोठ्या उडीत उरत नाही. हवा परत भरताना दाब आधी लिहून ठेवला होता ना, तेही बघा. आणि कॅमेऱ्याला फ्रेमशी बांधणारी एक बारीक दोरी असू द्या, चाकापर्यंत पोचणार नाही इतकी आखूड. माझी पहिली दोरी चाकापर्यंत पोचत होती.